परभणी पाहायची तर खाली उतरा

वालूरला जा. बाकी सगळं मागाहून सांगते, पण आधी वालूरला जा! परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे जुनं गाव. गढीच्या, वाड्यांच्या खुणा अंगावर बाळगणारं, आणि वाल्मीकींशी आपलं नाव जोडून सांगणारं. गावात शिरताना काही कळत नाही. पत्र्याची घरं, चहाची टपरी, पारावर बसलेली माणसं, सगळं मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखं. मग कुणीतरी हात करून दाखवतं, ‘तिकडं बगा, बारव तिकडंय’, आणि चार पावलांवर जमीन संपते.

खरोखर संपते. पायाखाली एक गोल उघडतो आणि त्या गोलात पायऱ्याच पायऱ्या. सरळ उतरणाऱ्या नव्हेत, वळणाऱ्या. शेषनागाने वेटोळं घालावं तशा त्या काठावरून फिरत फिरत तळाकडे जातात. नजर एका पायरीवर ठेवली की ती पुढच्या वळणावर नेते, तिथून आणखी खाली, आणि आपण काठावर उभे असूनही मनाने कधीच पाण्यापाशी पोहोचलेलो असतो. बारव म्हटली की चौकोन डोळ्यांपुढे येतो. चारी बाजूंनी टप्पे, मधे कुंड. इथे तो चौकोनच कुणा स्थपतीने मोडून टाकला आहे. कोण होता तो? त्याने हे आधी कशावर रेखलं असेल? प्रत्येक दगड थोडासा वळता, प्रत्येक पायरीचा कोन शेजारणीपेक्षा किंचित वेगळा, आणि तरी कुठे फट नाही, कुठे गडबड नाही. मी उतरत होते, चढत होते, पुन्हा उतरत होते. काठावरून एका आजींनी विचारलं, ‘बाई, काई हरवलं का?’ मी म्हटलं, ‘नाही हो आजी, सापडलंय!’

पेरू देशात कुस्को शहराजवळ मोराय नावाची जागा आहे. इंका लोकांनी तिथे जमिनीतल्या प्रचंड खोलगट भागांत एकात एक वर्तुळं बसवावीत तसे दगडी टप्पे बांधले. वरच्या आणि तळच्या टप्प्यांवरच्या तापमानात फरक पडतो, म्हणून वेगवेगळी पिकं घेऊन पाहण्यासाठी ती रचना असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. माचू पिचू पाहायला जाणारे मोरायलाही जातात, काठावर उभे राहून फोटो काढतात आणि आयुष्यभर सांगतात की आम्ही ते पाहिलं. त्यांनी पाहावंच, ते पाहण्यासारखंच आहे. पण वालूरच्या काठावर उभी राहिल्यावर मला राहवेना. जमिनीच्या पोटात वर्तुळ कोरून खाली उतरण्याची तीच हौस आमच्या सेलू तालुक्यात आहे. इथे यायला विमान लागत नाही, तिकीट काढावं लागत नाही, आणि आजूबाजूला मराठीत बोलणारी माणसं आहेत!

त्या काठावरच मला परभणी उलगडली. हा जिल्हा सपाट आहे. रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं तर काळी रानं, कापूस, सोयाबीन, तूर, मधेच एखादं बाभळीचं झाड आणि क्षितिजापर्यंत आडवी रेघ. वर मान करून पाहावं असं फारसं काही नाही. जे आहे ते जमिनीच्या पातळीखाली आहे. बारवा खाली, गुंफा खाली, देवळं नदीच्या पात्रात. वर कापसाची काळी माती, खाली दख्खनचा काळा बेसाल्ट. कारागिरांनी त्याच दगडाला हात घातला आणि इथलं सौंदर्य खोलवर नेऊन ठेवलं.

बारवेची युक्ती साधी आणि अफाट आहे. पावसाळ्यात पाणी वर चढतं, चैत्र-वैशाखात तळ गाठतं. आडावर दोर लांबवत जावं लागतं. इथे पायऱ्या असल्यामुळे पाणी जिथे असेल तिथपर्यंत माणूस स्वतः जातो, कमरेवर घागर घेऊन. दगडांच्या सांध्यांतून जमिनीतला ओलावा आत झिरपतो, आणि भिंती नीट बसवलेल्या दगडांच्या भारावरच उभ्या राहतात. कोनाड्यांत देव बसवले की पाण्याशी वागण्याची शिस्त आपोआप आली. बाहेर ऊन भाजत असताना खालच्या पायऱ्यांवर गारवा असतो. वाटसरूंनी, तांड्यांनी, गुराख्यांनी याच पायऱ्यांवर दुपारी काढल्या असतील. परभणीच्या मे महिन्यातलं ऊन ज्याने अंगावर घेतलं आहे, त्याला हे बांधकाम का सुचलं ते वेगळं सांगायला नको.

आणि या बारवा आता पुन्हा जाग्या होत आहेत, याचा मला केवढा आनंद झाला! नळ आले तशी त्यांच्याकडे पाठ फिरली होती. कुठे झुडपं माजली, कुठे गाळ साचला, कुठे गावाचा कचरा आत गेला. रोहन काळे यांनी महाराष्ट्रभर फिरून बारवांची नोंद करायला सुरुवात केली, ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ उभी राहिली आणि गावोगावचे तरुण टोपली-फावडं घेऊन आत उतरले. महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावायची प्रथा सुरू झाली. वालूरच्या त्या वळणाऱ्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागलेल्या मी चित्रांत पाहिल्या आहेत, आणि तो सोहळा प्रत्यक्ष पाहायचाच असं ठरवून टाकलं आहे. टपाल खात्याने राज्यातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यांतही परभणी जिल्ह्याच्या बारवा आहेत. परभणी शहराजवळच्या पिंगळीत पिंगळेश्वराच्या देवळापाशी आणखी एक देखणी बारव आहे. शहरात आलात तर निदान तेवढी तरी पाहाच.

आता चारठाणा. इथे मी थोडी सावकाश बोलणार आहे, कारण हे गाव घाईने पाहण्याचं नाही.

जिंतूर तालुक्यातलं, जिंतूरहून जालन्याकडे जाताना लागणारं हे गाव. जुनं नाव चारुक्षेत्र. गावकरी सांगतात, इथे ३६० देवळं होती आणि ३६० विहिरी. आकडा लोककथेचा आहे, पण गावातून चालताना तो खोटा वाटत नाही. घराच्या जोत्यात कोरीव दगड, गोठ्याच्या भिंतीत शिल्पाचा तुकडा, पायरी म्हणून बसवलेला कधीकाळचा खांब. माणसं त्या दगडांवर बसतात, त्यांना टेकून गप्पा मारतात. चालुक्य-यादवांच्या काळातलं एक अख्खं मंदिरनगर मोडलं, आणि त्याच्याच अंगाखांद्यावर आजचं गाव वसलं. पुरातत्त्वाच्या पुस्तकात मंदिर एका पानावर असतं आणि माणसं दुसऱ्या. चारठाण्यात दोन्ही एकाच अंगणात आहेत.

गोकुळेश्वराचं देऊळ पाहा आणि तिथली बारव पाहा. मग उकंडेश्वर. नावावरूनच ओळखा, उकिरड्यातून वर आलेला देव! ज्या ढिगाऱ्यावर गावाने केर टाकला, त्याच्या खाली देऊळ होतं. आणि मग तो स्तंभ. कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. मला त्या वादात पडायचं नाही, मला तो नुसता पाहायचा आहे. खालच्या चौथऱ्यापासून वरपर्यंत कोरलेला, सडसडीत, एकटा. ज्या देवळापुढे तो उभा राहिला असेल त्याचं वैभव कल्पनेनेच उभं करावं लागतं. त्याच्या भोवती मी फेऱ्या मारत होते आणि शाळेतून सुटलेली पोरं माझ्याभोवती. त्यांतल्या एकीने मला शिल्पातली वाद्यं ओळखायला लावली. ‘हा मृदंग, ही बासरी, आन् हे काय सांगा?’ मला येईना. तिलाही येईना. आम्ही दोघी तसंच उत्सुक राहिलो, आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन यायचं कबूल केलं.

चारठाण्याचे जुने लाकडी वाडेही पाहून घ्या. कोरीव खांब, तुळया, माजघर. पण तिथे माणसं राहतात. दारात उभं राहून हाक मारा. चहा घेतल्याशिवाय कुणी सोडणार नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच जा.

जिंतूरच्या अगदी जवळ नेमगिरी. जिल्ह्यातली ही एक जागा मात्र चढायची आहे, पण गंमत अशी की टेकडीवर पोहोचलात की पुन्हा खालीच शिरावं लागतं! दिगंबर जैनांचं हे प्राचीन क्षेत्र. शेजारच्या दुसऱ्या टेकडीचं नाव चंद्रगिरी. नेमगिरीच्या पोटात एकामागोमाग गुंफा आहेत आणि त्यांची दारं इतकी लहान की वाकून, अंग चोरून आत जावं लागतं. आणि आत? आत भव्य मूर्ती! नेमिनाथ पद्मासनात, काळ्या दगडाचे, शांत. बाहुबली उभे. या मूर्ती एवढ्याशा दारातून आत गेल्या कशा, हा प्रश्न तिथे प्रत्येकाला पडतो आणि प्रत्येकजण तो मोठ्याने विचारतो. पार्श्वनाथांची मूर्ती तर पाहायलाच हवी. तिचा एवढा भार एका लहानशा दगडावर तोललेला आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. मी वाकून खाली पाहिलं, मग उठून वर पाहिलं, मग पुन्हा वाकले. शेजारी गुजरातेतून आलेलं एक कुटुंब दर्शन घेत होतं. एवढ्या लांबून लोक इथे येतात, आणि आपण जिंतूरवरून एसटीने शेकडो वेळा जाऊनही खाली उतरत नाही. उतरा हो!

जिंतूरहून पुढे पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. पाणी भरलेलं असेल तेव्हा जा. काठावर संध्याकाळ घालवावी एवढं मोठं पाणी आहे, आणि पायथ्याला वीजनिर्मितीचं केंद्रही.

पण खरं पाणी गोदावरीचं. पाथरी, सोनपेठ, मानवत, गंगाखेड, पालम, पूर्णा, जिल्ह्याचा दक्षिण भाग तिच्या आधाराने जगतो. इथले लोक तिला गोदावरी क्वचितच म्हणतात, ‘गंगा’ म्हणतात. ‘गंगंला पानी आलंय’ असं कुणी म्हणालं की ते या नदीबद्दल. पाथरी तालुक्यातल्या मुद्गलला मुद्गलेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ या गंगेच्या पात्रातच उभं आहे. काठावर नव्हे, पात्रात! पूर आला की पाणी देवळाला चहूबाजूंनी वेढतं आणि मोठ्या पुरात आत शिरतं. ओसरलं की देऊळ पुन्हा जागच्या जागी. किती पूर अंगावरून गेले असतील त्याच्या! ज्याने इथे बांधायचं ठरवलं त्याला नदीचा जोर माहीत नव्हता असं कसं म्हणावं? माहीत होता म्हणून तर दगडावर दगड असा बसवला.

गंगाखेडला मी पोहोचले तेव्हा घाटावर कपडे धुणं, पिंडदान, पोरांचं पोहणं, सगळं एकाच वेळी चाललं होतं. हे संत जनाबाईंचं गाव. दमा आणि करुंड यांची मुलगी, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली आणि तिथे दळता-कांडता अभंग रचत राहिली. महाराष्ट्रातल्या घराघरांत जात्यावर तिचं नाव घेतलं गेलं. तिचं मूळ गाव हे, गंगेच्या काठचं. तिच्या मंदिरात बसलेल्या बायका आपापसांत हळू आवाजात अभंग म्हणत होत्या. कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठीच. मी भिंतीला टेकून बसले आणि मला उठवेना. पंढरीला सगळेच जातात. गंगाखेडलाही या. तेराव्या-चौदाव्या शतकात एका कष्टकरी बाईने मराठीला जे दिलं, त्याचा उगम या काठावर आहे.

याच तालुक्यात गंगेच्या काठी धारासूर. इथलं गुप्तेश्वराचं देऊळ पाहून बोलती बंद होते. बाहेरच्या भिंती कोनाकोनांत घडी घातल्यागत दुमडत जातात, आणि त्या प्रत्येक घडीत एक मूर्ती. सुरसुंदरी, देवता, पुन्हा सुरसुंदरी. काळाने आणि नदीने देवळाला फार हलवलं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याच्या जतनाचं काम हाती घेतलं, म्हणून जाण्यापूर्वी गावात चौकशी करून घ्या. मला मात्र काम चालू असलेलं देऊळसुद्धा पाहायला आवडेल. आठशे वर्षांपूर्वीच्या जोडकामात दगड दगडाला कसा धरतो, हे एरवी कुठे दिसणार?

आणखी खाली पालम तालुक्यात जांभूळबेट. गोदावरीच्या मधोमध एक बेट, त्यावर जांभळाची झाडं, मारुतीचं देऊळ आणि मोर! मराठवाडा म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त टँकर येतो, त्यांनी होडीत बसून या बेटावर यावं. नदी मात्र बेटाचे काठ कुरतडते आहे. झाडांची मुळं उघडी पडलेली दिसली तेव्हा पोटात कालवलं. ते बेट टिकायला हवं.

पाथरीबद्दल बोलले नाही तर पाथरीकर मला माफ करणार नाहीत. साईबाबांचा जन्म पाथरीचा, ही इथली श्रद्धा. जन्मस्थान म्हणून मानलेल्या जागेवर मंदिर आहे. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीची घोषणा झाली, तेव्हा शिर्डीत बंद पाळला गेला आणि सगळ्या महाराष्ट्राने पाथरीचं नाव ऐकलं. पण पाथरीचं नाव त्याच्या पाच शतकं आधीपासून मोठं आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचं घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. वाडवडिलांचं गाव आपल्या ताब्यात हवं म्हणून निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण काढलं, आणि १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने पाथरी घेतली. एका गावासाठी दोन शाह्या भिडल्या! आज त्या गावात बसस्टँडवर उतरून रिक्षाने फिरताना हे आठवलं की गल्लीबोळांकडे पाहण्याची नजरच बदलते.

भूक लागली असेल. परभणीत खायचं काय, असं विचारणाऱ्यांना मी आता हात धरून शेतात नेणार आहे. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दाण्यात आली की हुरडा. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, हातावर चोळायची, गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचे. आणि एरवी भाकरी. या जिल्ह्याची ज्वारी नुसती पिकते असं नाही, इथे ती घडवली जाते. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी इथली. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ही इथलीच, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर २०१८ मध्ये आलेली. भेंडीवर पिवळ्या शिरांचा रोग पडून शेतकरी हवालदिल होत, तेव्हा त्या रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी याच विद्यापीठाने दिली. एका गावाचं नाव देशभरच्या बियाण्याच्या पाकिटांवर पोहोचावं, याहून मोठी ओळख कुठली? आणि हो, ज्या शेंगदाण्याच्या चटणीवर आपण जीव टाकतो तो भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही समुद्रापलीकडचीच. तो दूरचा खंड परभणीच्या शेतात कधीच येऊन बसला आहे, भाकरीच्या शेजारी.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीकर छाती पुढे काढून म्हणतात. हिंडून आल्यावर मीही म्हणू लागले आहे, आणि मनापासून म्हणते.

तर जायचं कसं? मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा जिल्हा आडवा कापत जाते. सेलूला उतरलात तर वालूर, चारठाणा, जिंतूर, नेमगिरी, येलदरी असा उत्तरेचा पट्टा. परभणीला उतरलात तर पिंगळी, गंगाखेड, धारासूर, पालम असा दक्षिणेचा. पाथरी-मुद्गल मानवत रोडवरून. एसटी सगळीकडे जाते, पण बारवा गावांच्या आत आहेत, म्हणून स्वतःची गाडी किंवा ओळखीतल्या कुणाची दुचाकी असली तर उत्तम. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, जपून. दिवस निवडायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि फेब्रुवारीच निवडलात तर २ तारीख गाठा. त्या दिवशी परभणी शहरात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस सुरू होतो, तोही दरवर्षी याच तारखेला. हिंदू-मुसलमान सगळे दर्ग्याला जातात, मोठी जत्रा भरते, आकाशपाळणे फिरतात, मिठाईच्या दुकानांपुढे रेटारेटी होते, आणि दिवसभर बारवांत उतरून दमलेल्या पायांनाही तिथे चालावंसं वाटतं.